मंगळवारचा नमुना

द्रौपदीचं नाव कमळाकरने बंदीच्या यादीतून स्वतःच्या हाताने खोडलं. एक आडवी रेघ मारली, ती फिकट वाटली म्हणून वर आणखी एक मारली.

"ही का खोडलीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाई नव्या होत्या, साथीच्या तपासासाठी चार दिवसांपूर्वीच जीपने आल्या होत्या. उल्हासनगर-अंबरनाथमध्ये दीड महिन्यात सदतीस जणांना कावीळ झाली होती. चार बाया गेल्या. चारही पोटुशा. कमळाकर इथला अन्न निरीक्षक. तोही काही हात बांधून बसला नव्हता. कॅम्प दोनमधल्या अकरा रसवंत्या त्याने बंद पाडल्या. एका कुल्फीवाल्याचा मटका भर बाजारात फोडला. तो बिचारा "साईं, मेरा क्या कसूर?" असं ओरडत राहिला. मग रिक्षावर भोंगा बांधून कमळाकर स्वतः गल्लोगल्ली फिरला, उसाचा रस पिऊ नका म्हणून. कावीळ थांबली नाही. कुल्फीवाला तेवढा गाव सोडून गेला.

बाईंनी रसाचं नावच काढलं नाही. घरोघर जाऊन विचारत सुटल्या, महिन्यापूर्वी काय खाल्लं होतं? लोक वैतागले. "बाई, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाय, तुमी महिन्याचं काय इचारता!" तरी सदतीसपैकी तेहतीस जणांना एकच गोष्ट आठवली. शिवल्या. खाडीतल्या शिंपल्या, चिखलातून वेचून आणतात त्या.

"खाडीत गटारं येतात. शिवल्या ते पाणी पोटात भरून घेतात," बाई म्हणाल्या. "आणि आपण त्या तोंड उघडेपर्यंत वाफवतो आणि खातो. बाजारात विकणाऱ्या पाच जणी आहेत. तुम्ही चारच नावं ठेवलीत."

"द्रौपदीची गॅरंटी माझी, बाई. सहा वर्षं दर मंगळवारी तिचा माल माझ्याच घरात शिजतो. आहे का कोणाच्या डोळ्याला पिवळा ठिपका?"

बाईंनी यादीवर सही केली. सहा वर्षांचा पुरावा होता.

नियम असा होता की दर मंगळवारी बाजारातला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. प्रयोगशाळा लांब. शिवल्या जाईपर्यंत वास मारायला लागायच्या. म्हणून कमळाकरने सोय काढली होती. नमुना पिशवीतून घरी जायचा आणि रजिस्टरात शेरा पडायचा, 'तपासला, खाण्यास योग्य'. द्रौपदी मनाची मोठी, दोन पसे शिवल्या जास्तच घालायची. वर माहितीही द्यायची. "सायेब, उन्हात तोंडं उघडतान त्या. म्हनून गाडीतून उतरले की पोतं घटकाभर वालधुनीत बुडवते. कशा टवटवीत होतान बघा!" वरच्या कारखान्यातून ज्या रंगाचं पाणी सुटेल त्या रंगाची वालधुनी नदी त्या दिवशी वाहायची, गावाची गटारंही तिच्यातच. कमळाकर म्हणायचा, "बरं, बरं." आपल्याला थोडंच खायचंय? दोन वर्षांपूर्वी त्याने गळ्यात माळ घातली होती. तेव्हापासून बायकोच्या टोपात काय शिजतं ते तो बघतसुद्धा नव्हता.

बाहेर पडताना मात्र तो दारात घुटमळला.

"बाई, त्या चारही पोटुशाच कशा?"

"सातव्या-आठव्या महिन्यात ही कावीळ झाली तर बाई हाताला लागणं कठीण. का? आहे कोणी घरात?"

"मुलगी. सोनी. बदलापूरला दिलीय. सातवा लागलाय."

"मग तिला जपा."

"तिकडे एकही केस नाही, बाई," कमळाकर म्हणाला आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. चौघींच्या टोपल्या जप्त झाल्या. एकीने कमळाकरच्या सात पिढ्या मोजल्या. दुसरी म्हणाली, "आनि ती द्रौपदी काय तुझी मावशी लागते?" द्रौपदी एकटीच बसली आणि दहाच्या आत तिची पाटी रिकामी झाली. नमुना तिने आधीच बाजूला काढून ठेवला होता. शिपायाने तो नेहमीसारखा घरी पोचवला.

संध्याकाळी कमळाकर घरी आला तेव्हा त्याची बायको काशी नुकतीच बाहेरून येऊन पाय धूत होती. ओट्यावर स्टीलचा रिकामा डबा होता.

"सोनीला निरोप धाड," त्याने दारातूनच सांगितलं. "बाहेरचं काही खायचं नाही म्हणावं. शिवल्या तर बघायच्यासुद्धा नाहीत. त्यातूनच कावीळ पसरलीय."

"अगंबाई! आणि तुम्ही तर रस म्हणत होतात. मी मेली तिला रस पिऊ नको म्हणून बजावून आले." काशीने पदराला हात पुसले. "पण बाजारातल्या कशाला खाईल ती? आपला डबा जातो की दर मंगळवारी. आत्ता तिथूनच आले."

"कसला डबा?"

"अहो, तुमचे ते नमुने! तुम्ही माळ घातलीत तेव्हापासून मी तरी कुठे तोंडाला लावते? आधी शेजारीपाजारी वाटायची. आता पोरीला डोहाळे लागलेत तर सगळं तिलाच नेऊन देते. म्हणते, आई, बाबांनी तपासलेलं असतं, बिनघोर खाते."

कमळाकर उंबऱ्यावरच बसला.

काशी डबा विसळत होती. तिचं आपलं चालूच होतं.

"चार दिवस जेवण जात नाहीये तिला, पडून असते. पण रंग काय उजळलाय हो! अंगभर हळद लावल्यागत. मुलगीच होणार. लिहून ठेवा."